रॅप बॅटलचं परीक्षण करताय? या चुका टाळा

कॉलेजचा फेस्ट असो, चौकातला सायफर (गोल करून आळीपाळीने केलेलं रॅप) असो की रीतसर लीग, बॅटलच्या, म्हणजे दोन रॅपरच्या शाब्दिक चकमकीच्या, निकालावरून वाद पेटतो तेव्हा ‘जजला रॅप कळत नाही’ असं सरसकट म्हटलं जातं. बहुतेक वेळा त्याला रॅप चांगलं कळत असतं. त्याने निकाल ठरवायला उशीर केलेला असतो. तिन्ही राउंड नुसते ऐकायचे आणि सगळं संपल्यावर डोक्यात जे उरलंय त्यावरून नाव घ्यायचं, ही सवय घात करते. कारण डोक्यात उरतं ते शेवटचं, मोठ्या आवाजातलं आणि ज्यावर हॉल उसळला ते. पहिल्या राउंडमधल्या बांधीव आठ ओळी तोवर पुसल्या गेलेल्या असतात, आणि त्या ओळींवर कुणीतरी कित्येक रात्री घालवलेल्या असतात.

खालचं सगळं आज सर्वांत जास्त चालणारा साचा धरून लिहिलं आहे: दोन रॅपर, बीट (साथीचा ताल) नाही, प्रत्येकी तीन राउंड, एकेक राउंड ९० सेकंदांपासून ३ मिनिटांपर्यंत, मजकूर घरून लिहून पाठ केलेला. बीटवरच्या आणि फ्रीस्टाइल (जागेवर सुचेल ते म्हणायच्या) बॅटलमध्ये काय बदलतं ते पुढे येईल.

नियम न ठरवता खुर्चीत बसणं

परीक्षकाने होस्टला आधी पाच गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरं दोन्ही रॅपरसमोर घ्यावीत. बॅटल लिहिलेली आहे की फ्रीस्टाइल? वेळ किती, आणि वेळ संपल्यावर किती सवलत? अडखळल्यास पुन्हा सुरुवात करता येईल का? बरोबरी झाली तर काय? कोणते विषय बंद?

यातलं एकही उत्तर अधांतरी राहिलं तर ते ऐन बॅटलमध्ये कुणाच्या तरी मनाने ठरतं, आणि मग हरलेल्याची तक्रार रास्त असते. वेळेपुरतं सोपं ठेवा. घड्याळ थांबवायचं नाही, शेवटचे ३० आणि १० सेकंद उरले की टाइमकीपरने हाताने खूण करायची, वेळ संपल्यावर १० सेकंद ओळ पूर्ण करायला द्यायची. त्यानंतर म्हटलेलं काहीही गुणांत धरायचं नाही, ती राउंडमधली सर्वांत जोरदार ओळ असली तरी. ‘अरे, भारी होतं, चालू दे’ म्हणून एकाला अर्धा मिनिट जास्त दिला की वेळेत थांबलेल्या दुसऱ्यावर तो अन्याय आहे.

परीक्षक तीन किंवा पाच. दोघं असले की अडतं, आणि चौघांचे दोन-दोन झाले की शेवटी होस्टच निकाल देतो. एकाच क्रूमधला, एकत्र ट्रॅक केलेला किंवा रॅपरचा नातेवाईक असलेला माणूस पॅनेलवर नको. तो प्रामाणिक असला तरी नको. तिघांत किमान एकाने स्वतः स्टेजवर बॅटल केलेली असावी. पाठ केलेली ओळ जिभेवरून निसटणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय तोच चोक (ओळ विसरून अडकणं) आणि मुद्दाम घेतलेला विराम यातला फरक पटकन ओळखतो.

हॉलच्या आवाजाला गुण देणं

१९८१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वर्ल्ड क्लबमध्ये कूल मो डी आणि बिझी बी हे दोन रॅपर समोरासमोर आले. बिझी बी गर्दीला बोलतं करण्यात वाकबगार होता. तो हाक द्यायचा, लोक ओ द्यायचे. कूल मो डीने त्या सगळ्याला बगल देऊन थेट बिझी बीवर रचलेल्या ओळी म्हटल्या. बॅटल म्हणजे गर्दी हलवणं की समोरच्याला शब्दांनी भिडणं, हा प्रश्न त्या रात्रीपासून या कलेत आहे. परीक्षकाचं काम दुसऱ्या गोष्टीचं मोजमाप करणं आहे. गर्दीसाठी टाळ्यांचा निकाल वेगळा घ्या आणि तसं जाहीर सांगा.

हॉल उसळला की स्वतःला विचारा: हे कशाला होतं? ओळीला, हातवाऱ्याला, शिवीला, गावाच्या किंवा कॉलेजच्या नावाला, की पुढच्या रांगेतल्या दहा मित्रांना? ‘कोल्हापूर!’ म्हटल्यावर कोल्हापूरकर ओरडणारच. त्यात लेखन काही नाही. याच्या उलटही होतं. दुहेरी अर्थाची ओळ दोन सेकंद उशिरा पोचते, आणि तोवर पुढची ओळ सुरू झालेली असल्यामुळे हॉल गप्प राहतो. ती ओळ तुम्ही पकडायची आहे, त्यासाठीच तुम्हाला बसवलंय.

जागेचाही परिणाम होतो. कोणत्याही रॅपरच्या मित्रमंडळींच्या घोळक्यात बसू नका. स्टेजसमोर मध्यावर, तीन ते पाच मीटर अंतरावर बसा, स्पीकरच्या तोंडाशी नको. परीक्षकांमध्ये एक-एक खुर्ची मोकळी ठेवा, म्हणजे शेजारच्याचा कागद दिसत नाही आणि त्याचं ‘ओऽह’ तुमच्या गुणांत शिरत नाही.

राउंड बंद न करणं

प्रत्येक राउंडनंतर, म्हणजे दोघांचा पहिला राउंड झाला की लगेच, कागदावर त्या राउंडचा विजेता आणि गुण लिहा, खाली रेघ मारा. नंतर त्यात खाडाखोड नाही. एवढ्या एका शिस्तीने चुकलेले निम्मे निकाल सुधारतात, असं आम्ही ठामपणे म्हणतो. होस्टलाही सांगून ठेवा की दोघांनंतर २० सेकंद द्यायचे. बहुतेक होस्ट देत नाहीत.

टिपणं घेताना ओळ पूर्ण लिहू नका. लिहीपर्यंत पुढच्या दोन जातात. कागदाचे दोन उभे भाग करा, एकेका ओळीचे दोन-तीन शब्द आणि एक खूण पुरे: पंचलाइनला (टोला बसवणाऱ्या ओळीला) ‘पं’, शब्दखेळाला ‘श’, रिबटलला (समोरच्याचंच बोलणं उलटवण्याला) ‘रि’, रॅपरने घेतलेल्या अँगलला (समोरच्याच्या ज्या बाजूवर हल्ला केला तिला) ‘अँ’, अडखळण्याला ‘चो’. जी ओळ स्वतःला लागली तिच्यापुढे फुली करा, फक्त हॉलला लागली तिच्यापुढे गोल. राउंडच्या शेवटी फुल्या आणि गोल शेजारी-शेजारी दिसले की स्वतःचे कान आणि गर्दीचे कान वेगळे काढता येतात.

गुणांची वाटणी फार बारीक करू नका. दहातले चार लेखनाला, तीन समोरच्याला नेमकं लागू पडण्याला (अँगल, रिबटल), तीन सादरीकरणाला. पंधरा रकान्यांचा तक्ता दिला की परीक्षक ऐकणं सोडून तक्ता भरत बसतो.

चोक झाला म्हणून बॅटलच देऊन टाकणं

इथे दोन टोकं दिसतात. कुणी एका अडखळण्यावर राउंड काढून घेतो, कुणी ‘बिचारा, घाबरला’ म्हणून सोडून देतो. तीन पातळ्या ठेवा. एखादा शब्द घसरला आणि सेकंदा-दोन सेकंदांत गाडी रुळावर आली, तर ते सादरीकरणातलं छोटं नुकसान. फार तर अर्धा गुण. पाचेक सेकंदांहून जास्त शांतता, मागच्या ओळीवरून पुन्हा सुरुवात, किंवा ‘थांब, थांब’, हा खरा चोक. इथे राउंड बहुधा जातो, कारण साखळी तुटते आणि तुटलेल्या जागेनंतरच्या पंचलाइनचं वजन निम्म्यावर येतं. ओळ आठवलीच नाही आणि माइक खाली ठेवला, तर राउंड निश्चित गेला. पण तोच राउंड. पहिला आणि तिसरा स्वच्छ जिंकलेल्याने दुसऱ्यात चोक केला तर राउंडांच्या हिशेबाने तो २-१ने जिंकलेला आहे.

व्हिडिओवर परीक्षण करत असाल तर कापाकापी न केलेलं चित्रण मागा. संपादित व्हिडिओत सात सेकंदांची शांतता दोन सेकंदांची झालेली असते.

यमक मोजणं, पण तपासणं नाही

मराठीत परीक्षण करणाऱ्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याला प्रत्यय लागतात. त्यामुळे मराठीत ओळीच्या शेवटी नाद जुळवणं अगदी स्वस्त आहे. ‘मी बोलतोय, तू पळतोय, मी लिहितोय, तू रडतोय.’ चार ओळी जुळल्यासारख्या वाटतात, पण जुळलंय फक्त ‘तोय’. तपासायची रीत अशी: प्रत्यय काढून टाका आणि धातू शेजारी ठेवा. बोल, पळ, लिही, रड. काहीच जुळत नाही. आता ‘वळवतोय, पळवतोय’ घ्या. वळव, पळव. इथे धातूच जुळतो, म्हणजे प्रत्ययाचं यमक वाईटच असतं असंही नाही. गझल ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल: ‘तोय’ ही रदीफ (तसाच पुन्हा येणारा शेवट) झाली, काफिया (त्याआधीचं यमक) कुठे आहे ते विचारायचं. ‘आहे’, ‘नाही’, ‘ला’, ‘ने’, ‘मध्ये’ यांनाही हीच चाचणी.

याच्या पुढची पायरी म्हणजे रॅपर ज्याला ‘मल्टी’ म्हणतात, अनेक अक्षरं सलग जुळवणं. उदाहरणादाखल: ‘तुझं सगळं पाठांतर, पाय अजून काठावर.’ पा-ठां-त-र, का-ठा-व-र. चारही अक्षरांचे स्वर एकामागून एक जुळतात, आणि ओळ समोरच्यावर आरोपही करते की घोकून आलास, पण पाण्यात उतरायची हिंमत नाही. दोन्ही कामं एकदम झाली तर पूर्ण गुण. नुसती अक्षरं जुळवली आणि अर्थ हवेत राहिला, तर ते कसब म्हणून थोडे गुण. बॅटलची ओळ म्हणून नाही.

शब्दखेळाचंही तेच. ‘माझ्या ओळी तुला पाठ, म्हणून स्टेजवर दाखवतोस पाठ.’ इथे एका शब्दाचे दोन अर्थ दोन जागी वापरलेत आणि दोन्ही अर्थ समोरच्याला टोचतात. दुसरा अर्थ काढून घेतला तर ओळ पडते का, ते बघा. पडत असेल तर खेळ खरा. दुसरा अर्थ केवळ योगायोगाने निघत असेल, किंवा ओळीनंतर रॅपरला तो समजावून सांगावा लागत असेल, तर गुण कमी.

वेगाचा मोह टाळा. एका श्वासात वीस शब्द टाकणं हे फुफ्फुसांचं आणि सरावाचं काम आहे, ते सादरीकरणात धरा. तिसऱ्या रांगेत शब्द स्पष्ट पोचले नाहीत तर वेग हा दोष आहे. आरडाओरड्यालाही हेच लागू.

मग सर्वांत महत्त्वाची चाचणी, जी आम्ही प्रत्येक फुली केलेल्या ओळीला लावायला सांगू: समोरच्याचं नाव बदला. दुसऱ्या कुणाही रॅपरसमोर ती ओळ तशीच्या तशी चालत असेल, तर ती सर्वसाधारण ओळ आहे. ‘तुझा फ्लो कच्चा, तू अजून बच्चा’ हे कुणालाही म्हणता येतं. समोरच्याच्या मागच्या ट्रॅकमधली विसंगती, त्याची स्टेजवरची सवय, आधीच्या बॅटलमध्ये त्याने केलेला दावा, यावर बेतलेली ओळ फक्त त्याच्यासाठी असते. साध्या यमकाची पण नेमकी ओळ, चमकदार पण कुणालाही लागू पडणाऱ्या ओळीपेक्षा वर ठेवा.

रिबटल: कधी डोक्यावर घेणं, कधी विसरणं

समोरच्याने आत्ताच म्हटलेलं उलटवून त्याच्यावर फेकणं हे अवघड काम आहे आणि त्याला गुण हवेतच. पण प्रत्येक ‘तू म्हणालास ना…’ हे रिबटल नसतं. अनुभवी रॅपर समोरचा काय बोलणार याचा अंदाज घेऊन उत्तरं घरीच लिहून आणतात: वजनावर बोलेल, गावावर बोलेल, नोकरीवर बोलेल. अंदाज बरोबर निघाला तर तयारीचे गुण द्या. जागेवर सुचलेलं म्हणून जास्तीचे गुण मात्र फक्त तेव्हाच, जेव्हा समोरच्याचा नेमका शब्द किंवा प्रतिमा उचलून उलटवलेली असेल. ‘हे मागचा राउंड न ऐकता लिहिता आलं असतं का?’ एवढा प्रश्न पुरतो.

क्रमही लक्षात घ्या. पहिला बोलणाऱ्याला उत्तराच्या दोनच संधी मिळतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडमध्ये. दुसऱ्याला तीन मिळतात, शिवाय त्याच्या शेवटच्या राउंडला उत्तर देणारं कुणी उरत नाही. म्हणून पहिल्या राउंडमध्ये ‘रिबटल नव्हतं’ हे कारण पहिल्याविरुद्ध कधीच लिहू नका. क्रम नाणेफेकीने ठरवा आणि जिंकणाऱ्याला निवडू द्या.

कोकणातला शक्ती-तुरा किंवा घाटावरची कलगी-तुऱ्याची शाहिरी ऐकलेल्यांचे कान या बाबतीत तयार असतात. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची. एक शाहीर कोडं टाकतो आणि समोरच्याने त्याच कोड्याचं उत्तर द्यायचं असतं. गोड गाऊन प्रश्न टाळला तर जाणकार श्रोता ते टाळणं लक्षात ठेवतो. रॅपमध्ये असं बंधन नाही, तरीही पहिल्याने थेट, नाव घेऊन केलेला मोठा आरोप दुसऱ्याने तिन्ही राउंडमध्ये स्पर्शही न करता सोडला, तर तो आरोप उभा राहिला असं धरा. तो खरा की खोटा, हे शोधणं तुमचं काम नाही. तुम्हाला खासगीत माहीत असलं तरी ते बाजूला ठेवा.

‘शुद्ध’ मराठीला झुकतं माप

मुंबई-पुण्याच्या पॅनेलवर वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाडी बोलीत बॅटल करणारा रॅपर अनेकदा थोडा मागे पडतो, आणि कारण लेखन नसतं. परीक्षकाला अर्धी ओळ कळलेली नसते, हे त्याचं खरं कारण. न कळलेल्या ओळीला शून्य देणं ही सरळ चूक आहे. स्पर्धक कोणत्या बोलीत म्हणणार हे नावनोंदणीतच विचारा आणि ती बोली येणारा एक जण पॅनेलवर घ्या. तेवढं जमलं नाही तर दोन्ही रॅपरकडून बॅटलनंतर बंद पाकिटात लिखित मजकूर घ्या, बरोबरीच्या वेळी बघायला. बोलीचा नुसता ठसका गोड वाटला म्हणून गुण देणंही तितकंच चूक.

हिंदी-मराठी-इंग्रजी मिसळ चालते. मिसळण्यामागे कारण आहे का, एवढंच बघा. मराठी यमक सुचलं नाही म्हणून इंग्रजी शब्द डकवला, की त्या शब्दाने नवा अर्थ उघडला?

शिवी आणि जात

आई-बहिणीवरची शिवी पहिल्यांदा धक्का देते, चौथ्यांदा ती फक्त जागा भरते. तिला वेगळे गुण नाहीत आणि, नियमांत बंदी नसेल तर, वेगळा दंडही नाही.

जातीचं मात्र स्पष्ट असू द्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, या जाती-जमातींत नसलेल्या कुणी चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. ‘बॅटलमध्ये सगळं चालतं’ ही समजूत त्यातून सुटका करत नाही, आणि व्हिडिओ चढवला की तो पुरावा होतो. धर्म, अपंगत्व, समोरच्याच्या घरची लहान मुलं यांवरची रेषा आयोजकांनी आधी आखावी. ती ओलांडली तर राउंड बाद, हे स्टेजवरून आधीच सांगितलेलं असावं. परीक्षकाने ऐन वेळी मनाने गुण कापले की पुढच्या बॅटलमध्ये दुसरा परीक्षक ते कापत नाही, आणि नियमाचा अर्थच राहत नाही.

उसन्या ओळींबाबत: एका परीक्षकाला ओळ ओळखीची वाटली, एवढं पुरेसं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे ओळखली तर ती ओळ गुणांतून काढा, पण बॅटल थांबवू नका. रॅपरने स्वतःचीच जुनी ओळ दुसऱ्यावर वापरली असेल, तर नावबदलाच्या चाचणीत ती आपोआप पडते.

बीट आणि आवाज

बीटवरच्या बॅटलमध्ये राउंड सेकंदांत देऊ नका, बारमध्ये द्या. चार ठोक्यांचा बार ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोक्यांना) सुमारे २.७ सेकंदांचा होतो, म्हणजे १६ बार जेमतेम ४३ सेकंद. १४० बीपीएमला तेच १६ बार २७ सेकंदांत संपतात. एका मिनिटात पहिल्याला २२ बार आणि दुसऱ्याला ३५ मिळाले तर तुलना कशाची करणार? दोघांना तोच बीट द्या, किंवा दोन बीट असतील तर दोघांनाही दोन्ही.

ठोका चुकला की आधी मॉनिटर (रॅपरकडे तोंड केलेला स्पीकर) बघा. स्टेजवर बीट ऐकूच येत नसेल तर दोष साउंडवाल्याचा आहे. राउंड तिथेच थांबवून पुन्हा घ्या, संपल्यावर नव्हे. माइकची जाळी मुठीत झाकली की आवाज घुमतो, शब्द बुजतात आणि शिट्टी वाजते. हा रॅपरचा दोष. साउंड चेकला दोघांनाही एकदा सांगा, नंतर मात्र गुण कापा.

फ्रीस्टाइलमध्ये लेखनाची अपेक्षा खाली आणा आणि नेमकेपणाची वर. लिहिलेल्या बॅटलमध्ये ‘हे पाठ करून आणलंय’ ही तक्रारच होऊ शकत नाही.

बेरीज चुकीच्या पद्धतीने करणं

तिन्ही परीक्षकांचे गुण एकत्र मिळवू नका. समजा ३०पैकी पहिल्या परीक्षकाने २४-२३, दुसऱ्याने २५-२४ असे गुण ‘अ’च्या बाजूने दिले आणि तिसऱ्याने १४-२६ असे ‘ब’च्या बाजूने. बेरीज केली तर ‘ब’ ७३-६३ने जिंकतो. पण तिघांपैकी दोघांनी ‘अ’ला विजयी केलंय. टोकाचे गुण देणाऱ्या एका परीक्षकाने दोघांचं मत पुसलं. म्हणून प्रत्येक परीक्षकाचं एक मत धरा, आणि बहुमताने निकाल द्या.

एकाच परीक्षकाने राउंड कसे जोडायचे, तेही आधी ठरवा. बॉक्सिंगसारखी १०-९, १०-८ पद्धत घेतली तर दोन राउंड निसटते जिंकून तिसऱ्यात पूर्ण चोक करणाऱ्याचे २८ होतात, आणि समोरच्याचेही २८. नुसते राउंड मोजले तर तोच २-१ने विजयी. दोन्ही पद्धती टिकतात. मधेच बदललेली टिकत नाही. बरोबरीला एक जादा राउंड, प्रत्येकी ६० सेकंद, क्रम उलटा.

३-० म्हणजे धुव्वाच उडाला असंही नाही. तिन्ही राउंड एकेका ओळीच्या फरकाने गेले तरी आकडा ३-०च दिसतो. इंग्रजी लीगमध्ये याला ‘जेंटलमन्स थर्टी’ म्हणतात (३-० म्हणजे ‘थर्टी’). म्हणून निकाल सांगताना आकड्यासोबत अंतरही सांगा.

कागद होस्टकडे गेल्याशिवाय परीक्षकांनी आपसात बोलू नये. मग प्रत्येकाने माइकवर तीन गोष्टी सांगाव्यात: कोण, किती, आणि कोणत्या ओळीमुळे. ‘दोघांनी छान केलं, पण मला तो जास्त आवडला’ हे कारण होत नाही. ‘दुसरा राउंड ब, “काठावर”वाल्या रिबटलमुळे’ हे होतं. हरलेल्याची ओळही एक तरी नाव घेऊन सांगा. त्यासाठी फुली केलेली टिपणं हाताशी असतातच. गुणपत्रिकांचे फोटो त्याच रात्री दोन्ही रॅपरना पाठवा. निकालानंतर कुणी येऊन हुज्जत घातली, किंवा दोन दिवसांनी व्हिडिओ बघून तुमचं स्वतःचं मत बदललं, तरी निकाल बदलत नाही. बदललेलं मत टिपणांच्या वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या पॅनेलवर बसण्याआधी वाचा.